चालतंय ते बदलायचं का?

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एकाच वस्तूवरून वाद होतो. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला एक संगणक आहे. त्याचा मॉनिटर जुन्या दूरदर्शन संचासारखा पाठीत पोक असलेला, आणि डबा असा जड की खाली उतरवायला दोन माणसं लागतात. "भंगारवाल्याला द्या एकदाचा," असं बायको म्हणते. "पुढच्या वर्षी बघू," असं मी म्हणतो. तो पुन्हा वर जातो. गेली दहा-बारा वर्षं हे असंच चाललं आहे.

२०२५ च्या दिवाळीत मात्र वादाला नवं तोंड फुटलं. कारण त्याच आठवड्यात खालच्या खोलीतल्या, म्हणजे मी रोज वापरतो त्या संगणकानंही तक्रार सुरू केली होती. सकाळी चहाचा कप घेऊन बसावं, संगणक सुरू करावा, तर लिखाणाच्या आधी एक सूचना पुढ्यात येई. तुमच्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो आहे, आणि तुमचं यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही, असा तिचा आशय. पात्र नाही! नोकरीत असताना कर्जाच्या अर्जांवर हे शब्द मी पुष्कळदा लिहिले होते. माझ्यावर ते उलटतील असं वाटलं नव्हतं.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, नवा घेऊन टाका. नऊ वर्षं म्हणजे संगणकाचं म्हातारपण." बायकोचं मत नेमकं उलट. "चालतो ना? मग राहू द्या. फ्रीज सतरा वर्षांचा आहे, तो कुठे काय म्हणतो?" दोघांचंही म्हणणं मला पटलं आणि तिथेच पंचाईत झाली. चालणारी वस्तू टाकून द्यायची नाही या शिकवणीत आमची पिढी वाढली. पण चालतंय म्हणून चालू ठेवलेल्या गोष्टी कधी कधी काय करतात, तेही बँकेतल्या नोकरीनं दाखवलं होतं.

पहारेकरी गेला म्हणजे काय?

आधी हा आधार संपणं म्हणजे काय ते पाहू. कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की १५ ऑक्टोबरच्या सकाळी संगणक सुरूच होणार नाही. तसं काही होत नाही.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकातला शाखाधिकारी समजा. आपण ज्या आज्ञावलीत लिहितो, हिशेब करतो, फोटो पाहतो, त्या सगळ्या त्याच्या हाताखालच्या. प्रिंटरला कागद कधी द्यायचा, डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे सगळं तो ठरवतो. असा शाखाधिकारी कितीही हुशार असला तरी त्याच्या इमारतीत कुठेतरी फट राहिलेली असतेच. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीत ती राहणारच. चोर ती शोधत असतात आणि कंपनीची माणसंही शोधत असतात. कंपनीला आधी सापडली की ती बुजवण्याचं सामान महिन्याच्या महिन्याला घरोघरी पोचतं. आपण ज्याला "अपडेट आलं" म्हणून वैतागतो, ते हेच.

आधार संपला म्हणजे ही डागडुजी थांबली. तिजोरी तीच, कुलूप तेच, शाखाही रोजच्यासारखी उघडते. रात्रीचा पहारेकरी मात्र येत नाही. पहिल्या रात्री काही होणार नाही, कदाचित शंभराव्या रात्रीही होणार नाही. पण पहारा नाही ही बातमी गावात पसरलेली असते.

विंडोज १० बाजारात आली २९ जुलै २०१५ रोजी. त्या वर्षी कंपनीच्याच एका माणसानं ही विंडोजची शेवटची आवृत्ती, असं जाहीरपणे म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अकरावी आलीच. ती फुकट मिळत होती, पण अटीवर. टीपीएम २.० नावाची, गुपितं सांभाळणारी सोय यंत्रात हवी, आणि प्रोसेसर साधारण २०१७ नंतरच्या पिढीचा हवा. माझा त्याच्या आधीचा. म्हणजे यंत्र धडधाकट, आणि तरीही वयाच्या अटीत बसत नाही. निवृत्त माणसाला हे जरा लागतंच.

दहा वर्षांचा हा हिशेब आमच्या भागाला मात्र नवा नाही. वनखात्याची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. दहा वर्षं संपली की जंगल संपत नाही. पुन्हा मोजणी होते, काय राखायचं आणि काय काढायचं ते नव्यानं ठरतं. मला वाटलं, आपणही हेच करावं. बदलायचं की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि आधी मोजणी करावी.

लेजर ते संगणक

मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हातानं लिहीत. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ सालचा. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. यंत्र आलं की माणूस जाणार, ही भीती तेव्हा खरी होती, आणि यंत्रांच्या विरोधातल्या घोषणा मीही दिल्या आहेत. पुढे त्याच यंत्रावर बसून मी संध्याकाळी सातच्या ऐवजी साडेपाचला घरी जाऊ लागलो, हेही कबूल करायला हवं.

पण त्या काळात बँकेनं एक शहाणपण दाखवलं होतं. नवी पद्धत आली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. काही काळ दोन्ही चालत. दिवसभर यंत्रावर नोंदी करायच्या आणि त्याच नोंदी लेजरमध्येही करायच्या. दुप्पट काम म्हणून आम्ही कुरकुरत असू. नंतर सगळ्या शाखा एका जाळ्यात जोडणारी कोअर बँकिंग पद्धत आली. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाखा तिच्यात गेली, ती रात्र मला अजून आठवते. जुन्या पद्धतीतली एकूण शिल्लक आणि नव्या पद्धतीतली एकूण शिल्लक यांत सत्तर पैशांचा फरक येत होता. सत्तर पैसे मी खिशातून दिले असते! पण फरक भरून काढायचा नसतो, शोधायचा असतो. सत्तर पैशांच्या मागे दोन चुका असू शकतात, एक दहा हजारांची या बाजूची आणि दुसरी जवळजवळ तेवढीच त्या बाजूची. मध्यरात्र उलटल्यावर तो सापडला आणि मगच आम्ही जेवलो.

याच बँकांच्या जगात "चालतंय ना" या वृत्तीचंही उदाहरण आहे. विंडोज एक्सपी ही २००१ सालची कार्यप्रणाली. तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरी देशातली पुष्कळ एटीएम यंत्रं तिच्यावरच चालत राहिली. पैसे बरोबर निघत होते, मग बदलायचं कशाला? शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून टप्पे आखून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव यंत्रं, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी. आधार संपल्यावर पाच वर्षांनी!

आणि मधल्या काळात काय झालं होतं? १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रव जगभर पसरला. दीडशेच्या वर देशांतल्या संगणकांतल्या फाइलींना त्यानं कुलूप घातलं आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवण्याचं सामान कंपनीनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. आणि बळी पडलेले बहुतेक संगणक एक्सपीवरचे नव्हते. आधार चालू असलेल्या विंडोज ७ वरचे होते. म्हणजे पहारेकरी दाराशी येऊन उभा होता, मालकानं त्याला आत घेतलं नव्हतं. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस अशाच दुसऱ्या हल्ल्यात मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. अडलेल्या कंटेनरांचे मालक विंडोजची आवृत्ती कोणती हे कशाला विचारत असतील? पण त्यांचा माल तिथेच पडून होता.

हरवलेली दोन प्रकरणं

इथवर वाचून कोणालाही वाटेल की मी लगेच नवं यंत्र घ्यायला निघालो असेन. नाही निघालो. कारण बदलाचा चटकाही मला बसलेला आहे, आणि माळ्यावरचा तो संगणक त्याचीच आठवण आहे.

तो मी नोकरीत असताना घेतला होता. विंडोज ९८ होती त्यावर. मराठी लिहिण्यासाठी एक आज्ञावली घेतली. तिच्याबरोबर काडेपेटीएवढा एक तुकडा मिळाला, हार्डवेअर लॉक. तो संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जागी लावला तरच मराठी अक्षरं उमटत. त्यावर मी एक कादंबरी लिहायला घेतली. पुढे एका दुकानदारानं सुचवलं की एक्सपी टाकून घ्या, यंत्र पळायला लागेल. मी होकार दिला. त्यानं डिस्क कोरी करून एक्सपी टाकली. फाइली एका सीडीवर उतरवल्या होत्या, असं तो म्हणाला. बहुतेक उतरवल्याही होत्या. पण शेवटची दोन प्रकरणं वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, ती राहिली. आणि ज्या होत्या त्या उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, उद्गारचिन्हं यांचा नुसता चिवडा. एक्सपीवर तो लॉकच ओळखला जात नव्हता.

नवी आज्ञावली विकत घेतल्यावर चिवड्याचं पुन्हा मराठी झालं. दोन प्रकरणं मात्र गेली. ती मी पुन्हा लिहिली. छापलेल्या पुस्तकात आहेत ती दुसऱ्यांदा लिहिलेली. वाचकांना ती बरी वाटली. पण पहिल्या खेपेला नदीकाठच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडी एक वाक्य आलं होतं, ते पुन्हा आलं नाही. काय होतं ते मला आठवत नाही. होतं एवढं आठवतं.

हा चिवडा का झाला, हे मला फार उशिरा कळलं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या मराठी फॉंटांत देवनागरीला स्वतःचे आकडे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रं चिकटवलेली असत. फाइलीत खरं तर इंग्रजीच साठवलेलं, फॉंट तेवढा त्याला मराठी मुखवटा घाली. मुखवटा काढला की चिवडा. त्यात प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. माझी फाइल छापखान्यात उघडत नसे, छापखान्याची माझ्याकडे नसे. दोघंही मराठीच लिहीत होतो, पण एकमेकांची पत्रं वाचता येत नव्हती.

युनिकोडनं हा घोळ संपवला. तिथे जगातल्या लिपींना आपापले घरक्रमांक आहेत. देवनागरीची वस्ती २३०४ पासून सुरू होते आणि 'क' चा क्रमांक २३२५. चंद्रपूरला लिहिलेला 'क' टोकियोतही 'क' च उघडतो, मग यंत्र कोणतंही असो. विंडोज २००० पासून ही सोय घरच्या संगणकात येऊ लागली, आणि तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा फॉंट आपल्या मराठीतले सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता. आज मोबाइलवर नातवंडांना मराठीतून आशीर्वाद पाठवणाऱ्या आजीलाही हे नाव माहीत असायला हवं.

मी स्वतः युनिकोडमध्ये लिहू लागलो तो खालच्या खोलीतला संगणक घेतल्यावर. त्याआधीचं पंधरा वर्षांचं लेखन जुन्या फॉंटात, माळ्यावर. भंगारवाल्याला मी काय देणार नव्हतो, ते आता लक्षात येईल.

आलापल्लीच्या वाटेवर

मनात हा घोळ चालू असताना एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचा फोन आला. गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढच्या एका गावी तो सेवा केंद्र चालवतो. "काका, तुमी येऊन जा ना एकदा. तीनही कम्प्युटरवर तीच सूचना येऊन राहिली." चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत वैनगंगेचा पूल ओलांडला आणि पुढे दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं.

त्याच्या केंद्रासमोर सकाळी नऊलाच वीस-पंचवीस माणसं बसलेली. कोणाला जातीचा दाखला हवा, कोणाला उत्पन्नाचा. कोणाला तेंदूपानाचे पैसे खात्यात आले का ते बघायचं, तर कोणाला अंगठा लावून हजार रुपये काढायचे. जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत ही रांग रस्त्यापर्यंत जाते. तीन संगणक, त्यांतले दोन जुने घेतलेले. वीज जाते, नेट जातं, आणि पावसाळ्यात पलीकडच्या भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुरानं बंद झाला की तिकडचे अडकलेले लोकही इथेच थांबतात.

"काका, चालते ना अजून, मंग काहाले बदलवाचं?" तो म्हणाला. "नवे तीन घेतो म्हटलं तर लाखाच्या वर जाते. अन् बदलवलं अन् अंगठ्याची मशीन चालली नाही, तर ह्या लोकायले काय सांगू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अंगठ्याचं यंत्र, सहीचा डिजिटल तुकडा, प्रिंटर, प्रत्येकाची वेगळी आज्ञावली. एक बिनसली तरी त्या दिवसाची मिळकत गेली आणि वीस किलोमीटर चालत आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला.

मी त्याच्याबरोबर दुपारपर्यंत बसलो आणि एकेक वाट तपासली. एक, कंपनीनं घरगुती वापरासाठी जाहीर केलेली वाढीव मुदत. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेची डागडुजी, आणि संगणकातल्या मांडणीची नक्कल कंपनीच्या खात्यावर ठेवली तर पैसे न देता. पण ही सोय घरासाठीची आहे, धंद्याच्या यंत्रांसाठी नियम वेगळे. दोन, अट चुकवून अकरावी बसवणं. गावोगावी हे करून देणारे भेटतात. पण अशा यंत्रांना पुढची डागडुजी मिळेलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे पहारेकऱ्याचा गणवेश भिंतीवर टांगल्यासारखं. तीन, लिनक्स. ती मोफत आहे, जुन्या यंत्रावर उत्तम चालते, केरळच्या सरकारी शाळांत मुलं मुक्त आज्ञावलींवर शिकली. पण जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ साली विंडोज सोडायचं ठरवलं, सुमारे पंधरा हजार यंत्रं दहा वर्षं खपून बदलली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचा ठराव केला, हेही विसरता येत नाही. या मुलाच्या अंगठ्याच्या यंत्राची आज्ञावली विंडोजवरचीच होती. त्यामुळे त्याच्यासाठी तीही वाट बंद. चार, नवं यंत्र.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. "या संगणकात कोणाचं काय आहे?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "लोकायचं आहे, काका. आधार आहे, खाते नंबर आहे, अंगठे लागते इथं."

उत्तर त्याचं त्यालाच सापडलं होतं. आपल्या घराला कुलूप नसेल तर तो आपला प्रश्न. पण लोकांनी विश्वासानं ठेवलेली वस्तू आपल्या हाती असताना पहारा नको म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. बँकेत हे शिकवावं लागत नाही. तिथे आपलं काहीच नसतं, सगळं लोकांचंच असतं.

मग आम्ही हिशेब केला. तीन नवे एकदम नकोत. हिवाळ्यात, रांग कमी असताना, एक नवा घ्यायचा. त्यावर अंगठ्याचं यंत्र, सही, प्रिंटर सगळं चालतंय हे बघेपर्यंत जुना शेजारी तसाच ठेवायचा. जमलं की पैशांचं आणि आधारचं सगळं काम नव्यावर. मग पुढचा घ्यायचा, प्रवेशाचे दिवस लागायच्या आत. उरलेल्या जुन्याचं नेट काढून टाकायचं आणि त्यावर फक्त अर्ज टाइप करायचे. "पेन ड्राइव्हवरून फाइल नेताना तेवढी जपून ने," असं सांगून मी उठलो.

नेट तोडलेला संगणक म्हटल्यावर तो हसला. "म्हंजे जाळरेषा काढल्यासारखं." अगदी तसंच. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून वनखातं जंगलात पट्टे साफ करून ठेवतं, त्याला जाळरेषा म्हणतात. आग येत नाही असं नाही. आली तर तिला ओलांडायला काही सापडत नाही.

परतताना आलापल्लीच्या वनवैभवाजवळ थोडा थांबलो. जुन्या सागाचा हा राखलेला तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. भोवतालच्या जंगलात आयोजनेप्रमाणे तोड होते, नवी लागवड होते. हा तुकडा मात्र मूळ जंगल कसं होतं ते कळावं म्हणून तसाच राखलेला आहे. सगळंच राखता येत नाही आणि सगळंच तोडायचं नसतं. घरी जाऊन काय करायचं ते तिथे उभा असताना माझं ठरलं.

दर्या आणि दऱ्या

खालच्या खोलीतल्या संगणकाला मी ती वाढीव मुदत घेतली. माझ्या यंत्रात माझंच लेखन आहे, लोकांचं काही नाही. थोडी सवड घ्यायला हरकत नव्हती. बँकेचे व्यवहार त्यावर करणं मात्र थांबवलं. आणि माळ्यावरचा संगणक खाली उतरवला. या वेळी बायको काही बोलली नाही, उलट फडकं घेऊन आली.

तो सुरू झाला! कुरकुरत, धापा टाकत, पण झाला. नेट त्याला कधी लावलंच नाही. जुन्या फॉंटाचं युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली मिळतात. एकेक फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, नव्यावर रूपांतर करायची, आणि मग दोन पडदे शेजारी ठेवून मूळ आणि नक्कल जुळवायची. म्हणजे तेच, लेजर आणि यंत्र, दोन्ही एकदम. मी मूळ वाचायचं आणि बायकोनं नक्कल तपासायची असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी ती हसू लागली. "अहो, तुमच्या भामरागडात समुद्र कुठून आला?" बघतो तर 'डोंगरदऱ्या' च्या जागी 'डोंगरदर्या'. मराठीतला तो 'ऱ्य' रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ठाऊकच नव्हता. सगळ्या 'दऱ्यां' चा तिनं 'दर्या' केला होता. लग्नाच्या प्रसंगात आचाऱ्यांनी पंगत वाढली होती, तिथे साक्षात आचार्यांनी वाढली. यंत्राच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं. फाइलींची संख्या बरोबर, पानं बरोबर. नुसती बेरीज जुळवून मी जुना संगणक भंगारात दिला असता, तर माझ्या कादंबरीतल्या दऱ्या कायमच्या समुद्रात बुडाल्या असत्या. ते सत्तर पैसे मला आठवले.

महिनाभर हे काम चाललं. रोज दुपारी दोन तास. मध्ये वीज जायची. आमच्या शहरात २९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे आणि आमच्याच घरात दुपारी मेणबत्ती शोधावी लागते, हा विनोद चंद्रपूरकरांना नवा नाही. तेव्हा आम्ही चहा घ्यायचो आणि पुन्हा बसायचो. सगळं जुळल्यावर मी तीन प्रती केल्या. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर कपाटात, एक पुण्याला मुलाकडे. आणि दोन कादंबऱ्या, ज्या कधी छापल्या नाहीत, त्यांची कागदावर प्रत काढली. कागदाला अजून तरी कोणी आधार संपल्याची तारीख दिलेली नाही.

आता नवं यंत्र घ्यायला मी मोकळा आहे. विंडोज घ्यायची की लिनक्स, हे ठरवायचं आहे, पण त्याची धास्ती उरली नाही. ज्यांच्याकडे अशी सूचना आली असेल त्यांना माझं सांगणं एवढंच. बदलायचं का, हा दुसरा प्रश्न आहे. यंत्रात काय आहे आणि ते कोणाचं आहे, हा पहिला. लोकांचं असेल तर उशीर करू नका. आपलंच असेल तर घाई करू नका. पण दोन्ही वेळा आधी शिल्लक जुळवा, आणि जुळवताना नुसती बेरीज पाहू नका, नोंदी वाचा.

आणि माळ्यावरचा संगणक? काम संपल्यावर मीच म्हटलं, "आता देऊन टाकू." बायकोनं चादर झटकली, त्याला पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."